झोपेचं विचारलं आणि ग्रुप पेटला

मागच्या आठवड्यात घरच्या ग्रुपवर जे रणकंदन झालं, ते इथे देतेय. दोघी बहिणींना विचारूनच. ताई म्हणाली, "दे, पण माझं शुद्धलेखन सुधार." धाकटी म्हणाली, "काहीही सुधारू नकोस." मी मधली, माझं बाळ अडीच महिन्यांचं. ताईला दोन मुलं, मुलगी सात वर्षांची, मुलगा तीनचा. धाकटीला मूल नकोय आणि ते ती लपवत नाही. नावं माझ्या फोनमध्ये आहेत तशीच ठेवलीत. सुप्रभातची फुलं गाळली आहेत.

मी: रात्री दीड ते साडेतीन नुसतं रडणं. पोट भरलेलं, डायपर कोरडा, ताप नाही. उचललं की गप्प, ठेवलं की सुरू. सवय लागेल म्हणून रडू द्यायचं की उचलत राहायचं?

ताई: उचल. एवढ्याशा जिवाला कसली आलीये सवय. साधारण सहाव्या आठवड्याला रडणं सगळ्यात जास्त असतं, मग उतरत जातं. चौथा महिना लागेपर्यंत बराच फरक पडेल बघ.

मावशी: आमच्या वेळी नव्हती असली नाटकं. रडलं की फुफ्फुसं मोकळी होतात

धाकटी: मावशी, ती जन्मल्या जन्मल्याच मोकळी झाली

मावशी: तुला गं काय माहीत

धाकटी: वाचता येतं मला

ताई: आणि ठेवताना पाठीवरच ठेव हं. पोटावर शांत झोपतं म्हणून पोटावर नको. गादी घट्ट, उशी-पांघरूण-खेळणी काही नाही. तुमच्याच खोलीत, पण त्याच्या पाळण्यात. त्याला घेऊन सोफ्यावर बसू नकोस रात्री. डुलकी लागली तर तेच सगळ्यात धोक्याचं.

मी: तीच भीती वाटते. बसल्या बसल्या डोळे मिटतात.

धाकटी: एक साधा प्रश्न. दीड ते साडेतीन बाळाचा बाबा कुठे असतो?

बाळाचा बाबा: वाचतोय मी सगळं

धाकटी: वाचताय ते छानच. रात्रीचं विचारतेय.

बाळाचा बाबा: मी घेतलं की जास्त रडतं

ताई: तुमची सवय नाही म्हणून. तुमच्याकडे दिलंच नाही तर होणार कशी? पहिली रात्र रडेल, दुसरी रडेल. तिला दुसऱ्या खोलीत झोपवा आणि तुम्ही बसा.

(एवढ्यावर थांबलं असतं तर माझं काम झालं होतं.)

मावशी: धाकटीला आधी एक होऊ दे म्हणावं, मग शिकव दुसऱ्यांना. चौतीस पूर्ण झाली

आई: अगं जाऊ दे ना

मावशी: जाऊ दे कसं. निदान ते बीजं गोठवून ठेवणं तरी कर म्हणावं. हल्ली सगळ्या करतात

धाकटी: नंतर हवं असणारे गोठवून ठेवतात मावशी. मला नंतरही नकोय.

मावशी: आत्ता वाटतं तसं

धाकटी: मी सव्वीसची होते तेव्हाही तू हेच म्हणाली होतीस

ताई: आणि गोठवली म्हणजे मूल होणारच असं नसतं मावशी. पस्तिशीच्या आत काढली तर शक्यता बरी, एवढंच. कुठलाच डॉक्टर लिहून देत नाही.

धाकटी: ताई माझ्या बाजूने बोलली. तारीख लिहून ठेवा कोणीतरी.

ताई: बाजूने वगैरे काही नाही. मला तुझं पटत नाहीच. रात्री दीडला तुला कोणी उठवत नाही, म्हणून हे शहाणपण सुचतं. जावे त्याच्या वंशा तेव्हा कळे.

धाकटी: मी तुझ्या घरी राहिलेय ताई. तुझी पहिली झाली तेव्हा चार महिने तिथेच होते. तू आंघोळीला जायचीस, मी बाळाला घेऊन बाहेर बसायचे. आतून नळ बंद व्हायचा आणि तू विचारायचीस, "रडतेय का?" ती गाढ झोपलेली असायची. पुन्हा नळ सुरू. पुन्हा बंद. "रडतेय का?" एक आंघोळ तुला धड करता येत नव्हती.

ताई: माया असते ती. तुला नाही कळायची.

धाकटी: असेल. मला ती नकोय. आणि बरं का, पोरांशी माझं वाकडं नाही. तुझी दोघं माझ्यावर जीव टाकतात.

ताई: टाकतील नाहीतर काय! तू आलीस की दोन दोन तास फोन हातात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचना वाच जरा, तुला वाचता येतं ना. पहिली दोन वर्षं स्क्रीन अजिबात नाही, आणि तीन वर्षांच्या पोराला दिवसाला एक तासाच्या वर नाही. तू जातेस निघून. नंतरचं भोकाड मी ऐकते.

धाकटी: मावशीकडे कायदे नसतात.

ताई: म्हणूनच मावशी होणं सोपं आहे.

(यात ताईचं शंभर टक्के बरोबर आहे. धाकटीने फोन न देता त्या दोघांना तासभर सांभाळलेलं मी अजून पाहिलेलं नाही.)

धाकटी: ऑर्ना डोनाथ नावाची एक इस्रायली समाजशास्त्रज्ञ आहे. २०१५ मध्ये तिचा अभ्यास प्रसिद्ध झाला. २३ आयांशी ती बोलली. सगळ्यांचं मुलांवर प्रेम होतं, पण मागे जाता आलं तर आई झालो नसतो, असं त्या म्हणाल्या. मला त्या बायकांत जाऊन बसायचं नाही, इतकंच.

ताई: २३ बायका. जगात काय तेवढ्याच आया आहेत?

धाकटी: जगाची टक्केवारी काढायला तो अभ्यास नव्हताच. असं वाटणाऱ्या बायका नेमकं काय सांगतात ते ऐकायचं होतं तिला.

ताई: म्हणजे मला पश्चात्ताप होतोय, असं म्हणायचंय का तुला?

धाकटी: तुझं नाव कुठे घेतलं मी?

ताई: आंघोळीतून विचारणारी कोण होती मग? शेजारीण?

(इथे बराच वेळ नुसतं "ताई टाइप करत आहे" दिसत होतं. येत होतं, जात होतं.)

बाबा: वायफाय बंद आहे का कोणाकडे

आई: अहो समोर बसलेय मी. मला ग्रुपवर काय विचारताय

ताई: नीट सांगते. नोकरी मी सोडली ती माझ्या मर्जीने. कोणी सांगितलं नव्हतं. मुलगा चुकीच्या पायात बूट घालतो, "मी घातले" म्हणतो, आणि फाटकापर्यंत तसाच फेंगडा चालत जातो. मी ते बदलत नाही. तो स्वतः थांबतो, खाली बघतो, विचार करतो. हे बघायला मला आवडतं. खरंच आवडतं, उगाच म्हणत नाही. मला वीट येतो तो सगळ्यांनी मिळून माझं प्रगतिपुस्तक भरण्याचा. मावशीच्या मते मी मुलांना फार धाकात ठेवते. शाळेत सांगतात लक्ष कमी पडतं. आणि तू येतेस ती चेहऱ्यावर "बिचारी अडकली" घेऊन. तुझं "नको" ऐकलं की मला वाटतं, माझ्या "हो"चा पेपर कोणीतरी पुन्हा तपासायला काढला.

धाकटी: आणि माझा पेपर कशाने तपासतात माहितेय? तुझ्या फोटोने. दर लग्नात, दर वाढदिवसाला. "ताईकडे बघ, किती सुखात आहे." तू मला काही म्हणत नाहीस, पण तुझा संसार माझ्याविरुद्ध साक्षीला उभा करतात. मग मी २३ बायका शोधून आणते. काय करू?

मावशी: आम्ही आपलं भल्यासाठीच बोलतो

धाकटी: माहितेय मावशी. म्हणून तर उलटून बोलता येत नाही.

मी: दोघींना आठवण करून देते, मी झोपेचं विचारलं होतं.

धाकटी: सॉरी सॉरी. सांग, तू कशी आहेस? बाळ नाही, तू.

(सगळ्यांसमोर लिहायचं नव्हतं. पण रात्र रात्र जागल्यावर भीड उरत नाही.)

मी: रडू येतं. कारण काही नसतं. बाळ झोपलं तरी मला झोप लागत नाही, त्याचा श्वास ऐकत पडते. याला नीट आई मिळायला हवी होती असं वाटत राहतं.

आई: अगं बाई. मला का नाही बोललीस

ताई: हे किती दिवस? पहिले दोन आठवडे रडू येणं पुष्कळ जणींना होतं, ते आपोआप ओसरतं. अडीच महिन्यांनीही चालूच असेल तर ते वेगळं. एडिनबरा नावाची एक प्रश्नावली असते, १९८७ पासून वापरतात. दहा प्रश्न, गेल्या सात दिवसांत कसं वाटलं त्याचे. आत्ता भर. आकड्यावरून आजार ठरत नाही, पण डॉक्टरकडे जायचं की नाही ते कळतं. आणि दहावा प्रश्न स्वतःला इजा करून घ्यावीशी वाटते का, याचा आहे. त्याचं उत्तर "कधीच नाही" सोडून काहीही असेल तर भरत बसू नकोस, मला फोन कर. रात्रीचे कितीही वाजले असू देत.

मी: तसं काही नाही वाटत. खरंच. पण तुला हे सगळं इतकं पाठ कसं?

ताई: मला झालं होतं म्हणून. पहिलीच्या वेळी. कोणालाच सांगितलं नाही, ह्यांनाही नाही. कळलं ते दुसऱ्याच्या वेळी, डॉक्टरने कागद पुढे ठेवला तेव्हा. बाळंतपणानंतर जगभरात शंभरातल्या साधारण तेरा जणींना मनाचा काही त्रास होतो, मुख्यतः नैराश्य. मला वाटायचं मी एकटीच. ते नळ बंद करणं त्यातलंच होतं. पाण्याच्या आवाजात मला खरंच रडणं ऐकू यायचं.

धाकटी: ताई

धाकटी: मला वाटायचं आई झालं की माणूस असंच होतं

ताई: ते बघूनच ठरवलंस का तू मूल नको म्हणून?

धाकटी: नाही गं. तेवढंच कारण असतं तर आत्ता मत बदललं असतं. मला नकोच आहे, आधीपासून. पण तुझ्याकडे बघून मी आईपण म्हणजे काय ते ठरवून टाकलं होतं. ते चुकलं.

(मावशीने एक मेसेज पाठवून काढून टाकला. काय होतं देव जाणे, "आमच्या वेळी"ने सुरू झाला होता एवढं दिसलं.)

मावशी: उद्या डॉक्टरकडे हिच्याबरोबर कोण जातंय

बाळाचा बाबा: मी. वेळ घेतली आत्ताच. सकाळी अकरा.

धाकटी: आणि ते "नीट आई"चं ऐक. डोनाल्ड विनिकॉट म्हणून इंग्लंडमध्ये बालरोगतज्ज्ञ होता, मनोविश्लेषकही. १९५३ च्या लेखात तो म्हणतो, आई पुरेशी चांगली असली की झालं. सुरुवातीला ती बाळाच्या अगदी तालावर नाचते, मग बाळाला झेपेल तसतशी थोडी थोडी कमी पडत जाते. त्या कमी पडण्यातूनच बाळाला बाहेरचं जग कळतं.

ताई: रात्री कोणी उठायचं ते लिहिलंय का त्याने?

धाकटी: त्याला स्वतःची मुलं नव्हती

ताई: बघ! तुझ्यासारखाच. बिनपगारी सल्लागार.

धाकटी: त्याचं सोड, सारा हर्डी ऐक. मानववंशशास्त्रज्ञ, तीन मुलांची आई, चालेल? चिंपांझीची आई पिल्लाला कित्येक महिने दुसऱ्या कोणाच्या हातात देत नाही. माणसाची आई देते, पहिल्या दिवसापासून. ती म्हणते, माणसाचं पोर इतकं खर्चिक आणि इतकं सावकाश वाढणारं, की एकट्या आईला ते कधीच झेपलेलं नाही. आज्या, मावश्या, मोठी भावंडं होती म्हणून आपण टिकलो.

ताई: हे मात्र खरं. माय मरो आणि मावशी जगो, म्हणतात ना.

धाकटी: माय मरायला कशाला हवी, नुसती झोपली तरी पुरे. शनिवारी रात्री नऊला येते मी. बाळ माझ्याकडे.

मी: तू? रात्रभर?

बाळाचा बाबा: रात्रभर नको, तीनपर्यंत तुम्ही घ्या, पुढे मी उठतो. रविवारपासून पहिली पाळी माझी, रोज.

ताई: काढलेलं दूध खोलीत चार तास चालतं, उन्हाळा असेल तर तेवढंही नाही. फ्रीजमध्ये चार दिवस. गरम करायला कोमट पाण्यात बाटली धर, मायक्रोवेव्ह नाही. उष्टं उरलं तर दोन तासांत टाकून दे, जीव तुटला तरी.

धाकटी: लिहून घेतलं. तू येतेस का शनिवारी?

ताई: दोघांना घेऊन? बाळ झोपायचं राहिलं बाजूला.

धाकटी: मग त्याच्या पुढच्या शनिवारी मी तुझ्याकडे. तू आंघोळ कर, तासभर. दोघांना मी बघते.

ताई: फोन न देता?

धाकटी: एक तास देईन. सूचनांप्रमाणे.

ताई: अर्धा. आणि माझं मत अजून तेच आहे हं, चाळिशीत तुला...

धाकटी: ताई.

ताई: बरं.

धाकटी: डायपरची पुढची बाजू कुठली ते दाखव कोणीतरी. मी आजवर पोरांना बदललेलं घेतलंय, बदललं कधीच नाही.

आई: मी व्हिडिओ कॉल करते. बाबांना बाहुली धरायला लावते