सुगड, करा आणि जोर्वे : मातीच्या भांड्यांत महाराष्ट्राची ओळख कशात आहे?

प्रश्न :
जयपूरची निळी भांडी किंवा मणिपूरमधील लोंगपीची काळी भांडी पाहताक्षणी ओळखू येतात. महाराष्ट्राच्या कुंभारकामाविषयी असे म्हणता येईल का? आमच्याकडे संक्रांतीला सुगडे येतात, आजीच्या बोलण्यात लग्नातला करा, म्हणजे मातीचे लहान भांडे, येतो. पण नक्षी म्हणावी असे त्यांवर काहीच नसते. मग ही ओळख घडणीत शोधावी की वापरात? जाणकारांनी कृपया लिहावे.

प्रतिसाद १ :
माझ्या मते वापरात. आमच्या घरी काळ्या सुगडावर लहान लाल सुगड ठेवतात. गळ्याला दोरा गुंडाळून, हळदीकुंकवाची बोटे ओढून त्यात उसाची कांडे, बोरे, हरभऱ्याचे घाटे, गाजराचे तुकडे आणि गव्हाच्या ओंब्या भरतात. म्हणजे पौषात शिवारात जे पिकते, ते त्या वीतभरही नसलेल्या मडक्यात घरी येते. काळेपणासाठी रंग लागतोच असे नाही. आव्यातला, म्हणजे कुंभाराच्या भट्टीतला, धूर कोंडून ठेवला की मडके काळे होते आणि मोकळी हवा मिळाली की तीच माती लाल भाजते. कऱ्याचे म्हणाल, तर तो हाती घेऊन नवरीच्या पाठीशी उभी राहते ती करवली. भांडे मांडवातून दिसेनासे झाले तरी नाते सांगणारा शब्द टिकला आहे.

प्रतिसाद २ :
वरील मत पटते, परंतु घडणीला इतके गौण मानू नये. संगमनेर तालुक्यात प्रवरेकाठच्या जोर्वे गावी १९५०-५१ मध्ये उत्खनन झाले आणि तिथल्या भांड्यांवरूनच एका संपूर्ण ताम्रपाषाणयुगीन, म्हणजे तांबे आणि दगड दोन्ही वापरणाऱ्या काळातल्या, संस्कृतीला नाव मिळाले. लाल पृष्ठभागावर काळ्या रेघांची भौमितिक नक्षी, तोटीची भांडी, पोटाशी कंगोरा असलेले वाडगे, आणि भाजणी अशी की खापराला टिचकी मारली तर ते खणखणते. याच संस्कृतीच्या, घोड नदीकाठच्या इनामगावात मृत बालकांना दोन कुंभांची तोंडे एकमेकांना जोडून घरातल्याच जमिनीखाली पुरत असत. लेकराला उंबऱ्याबाहेर न जाऊ देणारी ही माणसे मला त्या कुंभांमुळेच जवळची वाटतात.

प्रतिसाद ३ :
जोर्वेपासून सुगडापर्यंत सरळ रेघ मात्र ओढू नये. ती माणसे कोणती भाषा बोलत होती, हे खापरांवरून कळत नाही, आणि एकच भांडे अनेक समाज वापरू शकतात. मुंबईचेच पाहा. धारावीच्या कुंभारवाड्यातील बहुतेक कुटुंबे मूळची सौराष्ट्रातील. घरात गुजराती बोलणारे हे कारागीर संक्रांतीच्या सुमारास मराठी घरांसाठी सुगडे विकतात. म्हणून प्रश्नकर्त्यांना माझे उत्तर असे, की सुगडाचे मराठीपण मागणाऱ्याच्या रिवाजात आहे. चाकावरचा हात दुसऱ्या मुलखाचा असला, तरी तो रिवाज त्याने जाणून घेतलेला असतो. त्या हाताचे नाव आपण सहसा विचारत नाही, याची मला मनापासून खंत वाटते.

प्रश्नकर्ता :
आभारी आहे. यंदा सुगडे घेताना ती कोणत्या मातीची, कुठे भाजलेली आणि कुणी घडवलेली, हे विचारून इथेच लिहीन.