‘यार्ड सेल’ला मराठीत काय म्हणावं?

आई-अण्णांचं जुळे सोलापुरातलं घर रंगवायला काढलंय, त्यामुळे माळ्यावरचं सगळं खाली आलंय. ताई न्यू जर्सीहून मुलांना घेऊन आलीय. ढीग बघून ती म्हणाली, ‘भंगारात घालू नका, आपण सगळे मिळून यार्ड सेल लावू.’ अण्णांनी विचारलं, ‘यार्डात कशाला? आपला काय कांदा आहे का?’ त्यांचंही बरोबरच आहे. सोलापुरात यार्ड म्हणजे मार्केट यार्ड, कांद्याच्या लिलावाचं.

ताईच्या गावात लोक घरापुढच्या मोकळ्या जागेत टेबलं लावून वापरलेल्या वस्तू विकतात, आणि घरातले सगळे जण त्यात असतात. तिकडेही याला एकच नाव नाही. गाडी ठेवायच्या जागेत मांडलं तर गराज सेल. कनेक्टिकटच्या बाजूला टॅग सेल म्हणतात, कारण प्रत्येक वस्तूवर किमतीची चिठ्ठी असते.

आता फाटकावर पाटी लावायचीय आणि शब्द सापडत नाही. ‘भंगार’ लिहावं तर चांगला मिक्सर किलोवर जाईल. ‘जुनाबाजार’ म्हटलं की रस्त्याकडेची रांग डोळ्यांपुढे येते. ‘मोड’ ही तांब्या-पितळेची, तीही वजनावर. ‘किडूकमिडूक’ तर अडचणीत विकतात. आई हळूच म्हणाली, ‘लोकांना वाटेल घर मोडायला निघालेत.’ तिच्या जिवाला लागलंय ते. तिला पटेल असा शब्द हवाय.

प्रतिसाद १
अंगणविक्री. सोपा आहे, कळतो.

प्रतिसाद २
कळतो, पण भलतंच कळतं. पुस्तकविक्री म्हणजे पुस्तकांची विक्री, जमीनविक्री म्हणजे जमिनीची. मराठीत ‘विक्री’च्या आधी बहुधा विकायची वस्तू येते, जागा नाही. अंगणविक्री वाचून एखादा गुंठ्याचा भाव विचारायला यायचा. जागा सांगायची तर तिला प्रत्यय लावा: अंगणातली विक्री, दारातली विक्री.

मूळ लेखिका
हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. शिवाय आमच्याकडे अंगण उरलेलंच नाही, फाटकाच्या आत स्कूटर लावण्यापुरती फरशी आहे. ‘दारात’ मात्र आमच्या बोलण्यात आहेच. दारात रांगोळी काढतो, दारात भाजीवाला येतो. दार म्हणजे चौकट नाही, घरापुढचा तो सगळा तुकडा.

प्रतिसाद ३
आमचं घर सोलापूरच्या पूर्व भागातलं, घरात तेलुगू. तुमच्याकडे मराठी, कन्नड, तेलुगू अशा तिन्ही भाषांतले शेजारी असणार, म्हणून एक सांगतो. पाटीवर तेलुगूतही लिहायचं ठरलं तर ‘पात सामानु’ लिहू नका. शब्दाचा अर्थ जुनं सामान एवढाच, पण भंगारवाल्याची आरोळी तीच असते. कन्नडमधलं ‘हळे सामानु’ही मला तसंच ऐकू येतं. दोन्हीकडे आठवडी बाजाराला छान शब्द आहे, कन्नडमध्ये संते आणि तेलुगूत संत. पण तो गावाचा बाजार झाला, एका घराचा नव्हे.

आणि चिल्लर आदल्या दिवशीच आणून ठेवा, दहा-वीसच्या नोटा भरपूर लागतात. आपण सुट्ट्या पैशांना चिल्लर म्हणतो. तेलुगूत चिल्लर आणि कन्नडमध्ये चिल्लरे म्हणजे सुटे पैसे तर खरेच, पण किरकोळ विक्रीलाही तोच शब्द चालतो. तुमच्या कामाला दोन्ही अर्थ लागू.

प्रतिसाद ४
मला वाटतं शब्द नाही याचं कारण दुसरं आहे. आपल्याकडे जुन्या वस्तूंच्या व्यवहारात नाव येणाऱ्याला मिळालं. बोहारीण, भंगारवाला, रद्दीवाला. घरातली बाई तासभर पायरीवर बसून जरीच्या साडीवर स्टीलचं पातेलं की डबा यावरून घासाघीस करायची. दोन साड्यांत डबा येत नसेल तर तिसरी काढायची, नाहीतर डबा परत करायची. व्यवहार पक्का, पण तिला कोणी विकणारी म्हटलं नाही. ती जुनेर ‘देते’, बोहारीण ‘घेते’. विकणं हे क्रियापद घराने स्वतःकडे घेतलंच नाही, म्हणून त्या प्रसंगाला नाम नाही. तुमच्या आईंना जे टोचतंय ते हेच असावं.

मूळ लेखिका
हा प्रतिसाद मी आईला वाचून दाखवला. ती बराच वेळ बोहारणीबद्दल बोलत राहिली. मग स्वतःच उठून तिने भांड्यांचे दोन ढीग केले, द्यायची आणि ठेवायची. ‘विकायची’ हा शब्द तिने अजूनही उच्चारलेला नाही, आणि आता मी तिला तो सुचवणारही नाही.

प्रतिसाद ५
नाम नसेल तर क्रियापद वापरा. ‘मांडणे’. रविवारी दारात वस्तू मांडणार आहोत, या. फक्त ‘बाजार मांडणे’ टाळा, त्याचा अर्थ घरचं चव्हाट्यावर आणणं असा होतो. एकट्या ‘मांडणे’ला तो डाग नाही. पाट मांडतात, डाव मांडतात, रुखवत मांडतात.

मूळ लेखिका
रुखवत! आईला हे एका क्षणात पटलं. रुखवत मांडतात तसंच मांडायचं, म्हणजे माणूस मानाने बघेल.

त्यानंतर कामं आपोआप वाटली गेली. वहिनीने मिक्सर, इस्त्री, टेबलफॅन लावून बघितले. इस्त्रीची वायर सोललेली निघाली, ती बाजूला काढली, असलं कोणाच्या हाती द्यायचं नाही. ताईची मुलं भाचीकडून मराठी आकडे गिरवून किमतींचा तक्ता करतायत. एका रंगाची चिठ्ठी म्हणजे २० रुपये, दुसरीची ५०, म्हणजे प्रत्येक वस्तूवर लिहीत बसायला नको. खाली अंथरायला जुन्या सोलापुरी चादरी काढल्या, तर अण्णा म्हणाले, ‘चादरी विकायच्या नाहीत, त्यावर चिठ्ठी चिकटवू नका.’ पैशांचा डबा त्यांच्याकडे. घासाघीस आई करणार, त्यात तिचा हात धरणारं घरात कोणी नाही.

एक शब्द अजून राहिलाय. दिवसाच्या पहिल्या विक्रीला आई ‘भवानी’ म्हणते. तुळजापूर इतकं जवळ, त्यामुळे मला तो देवीचाच शब्द वाटायचा. पण समोरचे कन्नड काका बोणी म्हणतात, हिंदीत बोहनी.

प्रतिसाद ३
तेलुगूतही बोणी. पहिल्या गिऱ्हाइकाला रिकाम्या हाताने पाठवू नका, पाच रुपये कमी घ्या पण वस्तू द्या. आमच्या दुकानात हे चारही भाषांत पाळतात.

प्रतिसाद १
‘अंगणविक्री’ मी मागे घेतो. पाटीवर शेवटी काय लिहिलंत?

मूळ लेखिका
भाचीच्या अक्षरात, फाटकावर: ‘घरातल्या वापरलेल्या चांगल्या वस्तू दारात मांडल्या आहेत. रविवारी सकाळी ८ ते १२. बघायला या, आवडलं तर न्या.’ शेवटचे तीन शब्द आईचे.