बदली ग्राफिक्स कार्ड चालत नाही: आधी एसएमपीएसवरच संशय का?

बारा_व्होल्ट:
जुन्या डेस्कटॉपमध्ये बदली कार्ड बसवलं आणि स्क्रीन काळी राहिली, की लोक ड्रायव्हर उडवतात, बायोस (मशीन चालू होताच आधी चालणारा बोर्डावरचा प्रोग्रॅम) चाळतात, विंडोज नव्याने टाकतात आणि सगळ्यात शेवटी एसएमपीएसकडे, म्हणजे मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्याकडे, बघतात. माझ्या मते सुरुवात तिथूनच व्हावी.

स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त 75 वॉट मिळतात. सहा पिनी जोडणीतून आणखी 75, आठ पिनीतून 150. डब्यावरच्या मोठ्या आकड्याला भुलू नका. लेबलवर 12 व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर आहेत ते पाहा आणि 12 ने गुणा. 450 वॉट लिहिलेल्या डब्यात तिथे 18 अँपिअर असतील तर हाती 216 वॉटच येतात, आणि प्रोसेसरचं पोटही त्यातच भरायचं. 12व्ही1 आणि 12व्ही2 असे दोन रकाने असतील तर अँपिअरची बेरीज करू नका, एकत्रित वॉटचा आकडा वेगळा छापलेला असतो तो धरा. त्यात दहा वर्षं चाललेल्या एसएमपीएसचे कपॅसिटर थकलेले असतात, म्हणजे छापील आकडाही पूर्ण मिळेल असं नाही.

बायोसवाला:
गणित बरोबर, निष्कर्ष चुकीचा. चालू केल्यापासून काहीच दिसत नसेल, कंपनीचा लोगोसुद्धा नाही, तर एसएमपीएसवर पहिला संशय घेणं म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. त्या क्षणी कार्ड फार कमी वीज खात असतं. वीज कमी पडण्याचं लक्षण वेगळं: डेस्कटॉप नीट दिसतो, खेळ सुरू केला की दोन-पाच मिनिटांत मशीन धाडकन बंद होतं किंवा आपोआप रीस्टार्ट होतं.

सुरुवातीपासूनच्या काळ्या स्क्रीनला एक साधी परीक्षा आहे. मिनिटभर थांबून कीबोर्डचं नमलॉक दाबा. दिवा लागतो-विझतो? मग बहुधा मशीन चालू आहे, फक्त चित्र येत नाही. अशा वेळी फर्मवेअर, म्हणजे बायोसची बाजू, तपासा. जुन्या कार्डात यूईएफआयसाठी (बायोसचा नवा अवतार) लागणारा जीओपी हा चित्र दाखवणारा भाग नसतो, त्याला सीएसएम (यूईएफआयमधली जुन्या बायोसची नक्कल) चालू लागतं, आणि सीएसएम चालू करायचं तर सिक्युअर बूट (फक्त सही असलेलं सॉफ्टवेअर सुरू होऊ देणारी सोय) बंद करावं लागतं. उलट, नवं कार्ड निव्वळ जुन्या पद्धतीच्या बायोसवर काही वेळा उठतच नाही. जुनं कार्ड परत लावा (किंवा प्रोसेसरमधलं ग्राफिक्स वापरा), बोर्डाचं बायोस अद्ययावत करा, त्यात पहिला डिस्प्ले पीसीआय-ई (कार्डाचा स्लॉट) ठेवा, मग नवं कार्ड लावा.

पेचकस:
बायोसवाल्यांचं पटतं, पण नव्या कार्डासाठी सीएसएम बंद करायचा सल्ला कुणी सरसकट देऊ नये. विंडोज एमबीआर (जुन्या पद्धतीची विभागणी) डिस्कवर असेल तर सीएसएम बंद केल्याबरोबर बूट व्हायचंच थांबेल, आणि दोष जाईल बिचाऱ्या कार्डाला. विंडोज 10 च्या 1703 आवृत्तीपासून डिस्क यूईएफआयला चालणाऱ्या जीपीटी विभागणीत बदलणारं एमबीआर-टू-जीपीटी हे साधन सोबतच येतं. आधी बॅकअप, मग त्या साधनाने डिस्कची नुसती तपासणी, मगच बदल.

आणि हे सगळं करण्याआधी मॉनिटरची केबल मदरबोर्डच्या पोर्टमध्ये नाही ना, हे बघा. हसू नका. दुसरं म्हणजे व्हीजीए मॉनिटर. जीटीएक्स 10 मालिकेपासून डीव्हीआयमधून ॲनालॉग सिग्नल येतच नाही, त्यामुळे ड्रॉवरमधला साधा डीव्हीआय-व्हीजीए जोड निरुपयोगी. आतून सिग्नल बदलणारा ॲक्टिव्ह कन्व्हर्टर लागतो.

बारा_व्होल्ट:
सुरुवातीच्या काळ्या स्क्रीनबद्दल माघार घेतो, पण अर्धीच. कार्डाला सहा किंवा आठ पिनी केबल लागते आणि ती लावलेलीच नाही, किंवा अर्धवट बसलीय, तरीही चित्र येत नाही. तीही विजेचीच बाब झाली. शिवाय लोक विंडोजच्या नोंदीत कर्नल-पॉवर 41 बघतात आणि

बायोसवाला:
मध्येच तोडतो. 41 चा अर्थ एवढाच की मशीन रीतसर बंद झालं नाही. ते वीज कमी पडल्याने झालं की गोठल्यावर कुणी बटण दाबून धरल्याने, हे त्यावरून कळत नाही. त्या नोंदीवर एसएमपीएस बदलू नका.

बारा_व्होल्ट:
अर्धवट वाक्य गेलं होतं, पण मीही तेच लिहीत होतो. मल्टीमीटर लावा. 12 व्होल्टची मर्यादा 11.4 ते 12.6. मात्र मोजायचं ते ताण असताना. ताण नसलेल्या मशीनवर थकलेला एसएमपीएसही 12.1 दाखवू शकतो.

काळा_पडदा:
मूळ वाद एसएमपीएस बदलायचा की नाही हा आहे, आणि बरेच जण तो खर्च टाळायला साटा-टू-सहा पिनी जोड (हार्डडिस्कच्या वीज-केबलमधून कार्डाला वीज देणारा) लावतात. त्याला माझा ठाम विरोध. साटाच्या जोडणीत 12 व्होल्टच्या तीन पिन, प्रत्येकी दीड अँपिअर, म्हणजे 54 वॉट. सहा पिनी कार्ड 75 मागू शकतं. प्लास्टिक वितळतं ते इथेच. दोन मोलेक्समधून (जुन्या चार पिनी वीज-जोडण्या) सहा पिनी करणारा जोड त्यातल्या त्यात सहन करण्याजोगा, दोन्ही मोलेक्स वेगवेगळ्या वायरींवरचे असतील तर. प्रोसेसरची आठ पिनी केबल मात्र कार्डात कोंबू नका. खाच जुळत नाही तरी जोर लावणारे असतात, आणि तिच्यात 12 व्होल्ट व ग्राउंड उलट्या बाजूंना असतात.

पेचकस:
मोलेक्सवरही असहमत. इतकं करण्यापेक्षा जादा केबल न लागणारं 75 वॉटच्या आतलं कार्ड घ्या. जीटीएक्स 1650 ची कित्येक मॉडेल्स तशी आहेत. फक्त आरएक्स 6400 सारख्या चार लेनच्या (डेटाच्या चारच वाटा असलेल्या) कार्डापासून जपा. पीसीआय-ई 4.0 वर त्याचं भागतं, 2.0 च्या स्लॉटमध्ये त्याच चार लेनमधून सेकंदाला 2 जीबीच जातात, 4.0 च्या साधारण पाव.

नवखा_नाही:
ड्रायव्हरबद्दल कुणीच बोललं नाही. सेफ मोडमध्ये (मोजक्याच ड्रायव्हरांवर चालणारं विंडोज) चित्र येतं आणि साध्या बूटला विंडोजच्या लोगोनंतर जातं, तेव्हा जुन्या कार्डाचा ड्रायव्हर आडवा आलेला असू शकतो. नेट तोडा, सेफ मोडमध्ये डीडीयू (जुना ग्राफिक्स ड्रायव्हर मुळासकट काढणारं साधन) चालवा, मग नवा ड्रायव्हर टाका. नेट चालू राहिलं तर विंडोज मध्येच स्वतःचा ड्रायव्हर घुसवतं.

बारा_व्होल्ट:
मान्य. पण लोगोनंतर ड्रायव्हर लोड होतानाच कार्ड पहिल्यांदा वेग वाढवतं आणि जास्त वीज ओढतं. डीडीयूनंतरही त्याच जागी अडकलं, तर कार्ड दुसऱ्या मशीनमध्ये लावून बघा. तिथे चाललं, तर माझ्या लेबलाच्या गणिताकडे परत या.