भाचीच्या हृदयाला छिद्र आहे, थांबावं की लगेच ऑपरेशन? (सांगली-मिरज)

डाळिंबवाला:
भाची 5 महिन्यांची, वजन 4.1 किलो. बहीण जत तालुक्यात असते. मिरजेत टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) केला, मोठं व्हीएसडी, म्हणजे हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला छिद्र निघालं. दूध पिताना दोन घोट घेते अन् थांबते, कपाळ घामानं डबडबतं. घरची मोठी माणसं म्हणतात, दहा किलोची होऊ दे मग बघू. पैशाचीही ओढाताण आहे. कुणाला अनुभव?

कृष्णाकाठ:
पुतण्याचं आपोआप बुजलं होतं. घाई नको.

वारणेची लेक:
दादा, पुतण्याचं बारीक असणार, ती बुजतात. मोठ्या छिद्रातून डावीकडचं रक्त उजवीकडं येऊन फुप्फुसात जादा जातं, म्हणून तर लेकरू दमतं नि अंग धरत नाही. दहा किलोची वाट बघाल तर ते दहा किलो येणारच नाहीत! वर फुप्फुसातला दाब वाढत जातो आणि एका टप्प्यानंतर छिद्र बुजवताच येत नाही. माझ्या मुलाचं 5 किलोवर झालं. त्याआधी एका दवाखान्यात आमचे चार महिने नुसत्या खोकल्याच्या औषधात गेले. अजून आठवलं की डोकं फिरतं.

अंगणवाडीताईंना सांगून आरबीएसकेच्या (मुलांची आरोग्य तपासणी करणारी सरकारी योजना) पथकाला दाखवा, पुढची चिठ्ठी तेच देतात. महात्मा फुले या सरकारी आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत खर्च मिळतो. खारघरला सत्य साई संजीवनी हॉस्पिटल आहे, लहान मुलांच्या हृदयाचं ऑपरेशन पूर्ण मोफत. तिथं बिलाचा काउंटरच नाही.

डाळिंबवाला:
ताई, रेशनकार्डावर बाळाचं नावच चढवलेलं नाही अजून.

वारणेची लेक:
आमचंही नव्हतं. जन्मदाखला आणि आईबापाच्या कार्डावर काम झालं. योजनेच्या दवाखान्यात आरोग्यमित्र बसतो, त्याला आधी गाठा.

आशाताई_कवठे:
तोवर थोडं थोडं, पण सारखं पाजत राहा. लघवीचं औषध दिलं असेल तर मनानं बंद करू नका. लसी चुकवू नका, न्यूमोनियाची पीसीव्ही सरकारी दवाखान्यात फुकट आहे. श्वास भराभर चालला, बरगड्या आत ओढल्या जायला लागल्या किंवा ओठ निळे दिसले तर पथकाची वाट न बघता 108 बोलवा.

डाळिंबवाला:
अंगणवाडीताईंशी बोललो, गुरुवारी पथक गावात येतंय. इकोचा रिपोर्ट नि सीडी दोन्ही मागून घेतलीत. आईला मात्र अजून पटलेलं नाही, वारणेच्या ताईंचा मेसेज वाचून दाखवतो.