आध्यात्मिक जीवन टिकवण्यासाठी प्रभूवर अवलंबून राहायचे, म्हणजे नेमके काय करायचे?

प्रश्न (परिचारिका, पुणे)

जय ख्रिस्त. मी रुग्णालयात काम करते आणि माझ्या पाळ्या दर आठवड्याला बदलतात. लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळात, पहाटेचे शास्त्रवाचन आणि प्रार्थना नेमाने होते. ईस्टर उलटला की रात्रपाळी, अपुरी झोप आणि घरकाम यांत तो नेम मागे पडत जातो आणि पुढच्या लेंटपर्यंत रविवारच्या उपासनेवरच भागवावे लागते. आमच्या पाळकसाहेबांना हे सांगितले, तेव्हा ते म्हणाले, "स्वतःच्या बळावर करू नका, प्रभूवर अवलंबून राहा." मला ते पटते. परंतु त्याआधीच्याच रविवारी त्यांनी "जागे राहा, प्रार्थनेत तत्पर राहा" असा उपदेश केला होता. या दोन्हींचा मेळ कसा घालावा? अगदी बाळबोधपणे विचारायचे, तर प्रभूवर अवलंबून राहणाऱ्याने पहाटेचा गजर लावावा की लावू नये?

उत्तर (निवृत्त शिक्षक, अहिल्यानगर)

ताई, गजर अवश्य लावावा. मात्र आपण उठलो म्हणून देव प्रसन्न झाला, असे समजू नये.

फिलिप्पैकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायातील १२ आणि १३ ही वचने एकत्र वाचावीत. पहिल्यात प्रेषित पौल आपले तारण भीत व कापत साधून घ्यायला सांगतो, आणि लगेच पुढच्यात म्हणतो की इच्छा करणे व कृती करणे या दोन्ही गोष्टी आपल्या ठायी देवच साधून देतो. अर्धे काम आपले आणि उरलेले देवाचे, अशी वाटणी आपण मनात करून ठेवलेली असते. पौल ती करत नाही. जी इच्छा आपण आपले भांडवल समजतो, तीही देवाकडूनच येते. म्हणून नेम मोडला की नवा, अधिक कडक नेम आखण्याआधी ती इच्छाच देवाकडे मागावी. आत्म्याने आरंभ करून आता देहस्वभावाने पूर्णता गाठू पाहता काय, असे पौलाने गलतीकरांना विचारले, ते याच सवयीबद्दल.

पंडिता रमाबाईंचे उदाहरण येथे उपयोगी पडावे. त्यांचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटिज येथे झाला. पुढे त्या अमेरिकेत गेल्या, व्याख्याने दिली, ग्रंथलेखन केले, १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन उघडले. तरीही आपल्या साक्षीत त्या लिहितात की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण त्या धर्माचे जीवन असलेला ख्रिस्त सापडला नव्हता, हे बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी उमगले. बाहेरून पाहणाऱ्याला त्या काळात उणीव दिसली नसती. यानंतर त्या हात जोडून बसून राहिल्या असेही नाही. दुष्काळातील मुलींना त्यांनी केडगावला, आपल्या मुक्ती या संस्थेत, आश्रय दिला, विहिरी खणवल्या, छापखाना चालवला, आणि मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून बायबलचे मराठी भाषांतर १९२२ मधील आपल्या मृत्यूपर्यंत करत राहिल्या. मुक्तीतील १९०५ च्या संजीवनाविषयी (सामूहिक आध्यात्मिक जागृतीविषयी) आपल्या मंडळ्यांत पुष्कळ बोलले जाते, परंतु जूनअखेरीस आलेल्या त्या अनुभवाआधी जानेवारीपासून तिथे रोज प्रार्थनासभा भरत होत्या, याचा उल्लेख क्वचितच होतो. अवलंबून राहणाऱ्या व्यक्तीचा दिनक्रम हा असा, कामाने भरलेला असू शकतो.

उत्तर (द्राक्ष बागायतदार, दिंडोरी)

योहानाचा पंधरावा अध्याय, ज्यात प्रभू स्वतःला वेल आणि आपल्याला फाटे म्हणतो, मी बागेत उभा राहून वाचतो, म्हणून थोडे लिहितो. आमच्याकडे एप्रिलमध्ये खरड छाटणी होते आणि ऑक्टोबरच्या सुमारास गोडी छाटणी. घड डोळ्यांना दिसतो तो गोडी छाटणीनंतर. पण त्याची घडण खरड छाटणीनंतरच्या उन्हाळ्यात, काडीवरच्या डोळ्याच्या (कोंबाच्या) आत झालेली असते. त्या दिवसांत बाहेरून नुसती काडी आणि पाने दिसतात. आम्ही पाणी देतो, विरळणी करतो, काडी तारेला बांधतो, पण डोळ्यात घड घालणे आमच्या हातात नाही. फाट्याला प्रभूची आज्ञा एवढीच आहे की त्याने वेलात राहावे. फळ दिसत नाही म्हणून दर आठवड्याला स्वतःची तपासणी करत बसणे मला तरी व्यर्थ वाटते.

शिवाय त्या अध्यायातील दुसऱ्या वचनाप्रमाणे छाटणी फळ देणाऱ्या फाट्याचीच होते. आपली रात्रपाळी ही छाटणी आहे असे मात्र मी म्हणणार नाही; ते ठरवण्याचा अधिकार मला नाही.

उत्तर (वसई)

मी कॅथलिक आहे, तरी कृपा की स्वतःचे प्रयत्न हा वाद कॅथलिक व प्रॉटेस्टंट या आपल्या दोन्ही परंपरांच्या फुटीहून जुना असल्यामुळे लिहितो. "तू जी आज्ञा करतोस ते करण्याची शक्ती दे, आणि मग हवी ती आज्ञा कर," अशा अर्थाची संत ऑगस्टीन यांची प्रार्थना आहे. ती ऐकून माणसाच्या स्वतःच्या प्रयत्नांवर भर देणारा त्यांचा समकालीन शिक्षक पेलागियस संतापला होता, कारण अशाने माणसे आळशी होतील असे त्याला वाटले. चर्चने मात्र ऑगस्टीन यांची बाजू उचलून धरली, आणि ५२९ मध्ये ऑरेंज येथील परिषदेने असे मांडले की विश्वासाचा आरंभ आणि विश्वास ठेवण्याची इच्छासुद्धा कृपेनेच लाभते. माझा व्यावहारिक सल्ला इतकाच की थकलेल्या दिवशी स्वतःचे शब्द शोधू नयेत. आम्ही जपमाळ हाती घेतो. आपण एखादे स्तोत्र हळू आवाजात म्हणावे.

प्रश्नकर्ती

सर्वांचे आभार. एक शंका उरते. मनात इच्छाच नसताना "इच्छा दे" असे मागणे हे ढोंग ठरत नाही का?

उत्तर (निवृत्त शिक्षक, अहिल्यानगर)

नाही, ताई. इच्छा असल्याचे सोंग आणणे हे ढोंग. ती नाही म्हणून मागणे हा प्रामाणिकपणा. मार्कच्या नवव्या अध्यायात आजारी मुलाला येशूकडे आणणाऱ्या बापाने आपला अविश्वास प्रभूपुढे उघड केला आणि त्याच वाक्यात साहाय्यही मागितले. लूकच्या बाविसाव्या अध्यायात तर पेत्राने येशूला नाकारण्यापूर्वीच, त्याचा विश्वास ढळू नये म्हणून आपण प्रार्थना केली आहे, असे येशू त्याला सांगतो. पेत्र पडला, तरी परत आला तो त्या प्रार्थनेच्या आधारावर, स्वतःच्या निर्धारावर नव्हे. त्याचा निर्धार तर कोंबडा आरवण्याआधीच संपला होता.

वेळेविषयी सांगायचे, तर पहाटच हवी असा दंडक शास्त्रात नाही. पौल व सीला फिलिप्पैच्या तुरुंगात मध्यरात्री प्रार्थना करत होते. रात्रपाळीच्या आठवड्यात घरी आल्यावर, झोपण्याआधी एक स्तोत्र वाचावे आणि राहिलेल्या अध्यायांची थकबाकी दुसऱ्या दिवशी वसूल करू नये. आपल्या महिला मंडळातील एखाद्या भगिनीला पाळ्यांचे वेळापत्रक देऊन ठेवावे, म्हणजे त्या आठवड्यात ती आपल्यासाठी नाव घेऊन प्रार्थना करील.