कोकणच्या पावसात जुन्या फियाटसाठी घरचे गॅरेज: खड्डा, लिफ्ट की साधे घोडे?

डिलाइट_अडुसष्ट

नमस्कार. संगमेश्वर तालुक्यात आमचे वडिलोपार्जित घर आहे आणि त्यामागच्या जुन्या गोठ्याच्या जागेवर गाडीच्या कामासाठी पक्के गॅरेज बांधायचे ठरले आहे. गाडी १९६८ सालची फियाट ११०० डिलाइट आहे, म्हणजे कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली आणि पुढे प्रेसिडेंट व नंतर पद्मिनी या नावाने ओळखली गेलेली तीच गाडी. इंजिन सुरू होते, परंतु दारांखालच्या दोन्ही सिल आणि मागच्या चाकांवरचा पत्रा गंजून जाळी झाला आहे.

सध्याचा आराखडा असा आहे: आतून बारा बाय अठरा फूट, चिऱ्याच्या भिंती, वर पत्रा, मधोमध गाडीखाली उभे राहून काम करण्यासाठी पाच फूट खोल खड्डा आणि जमिनीला इपॉक्सी (कडक रासायनिक लेप). ठेकेदाराचे म्हणणे आहे की खड्ड्याऐवजी दोन खांबांची लिफ्ट बसवा, म्हणजे आयुष्यभराची सोय होईल. शेवटचे रंगकाम आणि इंजिनचे बोअरिंग (झिजलेले सिलिंडर आतून कातून घेणे) बाहेरच करून घेणार आहे. पत्राकाम, ब्रेक, सस्पेन्शन व वायरिंग घरी करायचे आहे. खर्चाला मर्यादा असल्यामुळे कशावर आधी पैसे घालावेत, हे जाणकारांनी सांगावे.

चिरेबंदी

आपण खड्डा, लिफ्ट आणि इपॉक्सी यांविषयी विचारले आहे, पण पैसे घालायचे ते या तिन्हींच्या आधी जोत्यात आणि छपरात. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तिथे गॅरेजचे पहिले काम गाडी कोरडी ठेवणे हे आहे, दुरुस्ती त्यानंतर येते.

खड्ड्याचा विचार सोडून द्यावा. आपल्याकडे जांभ्यातून पाणी मुक्तपणे फिरते, त्यामुळे पावसाळ्यात भूजल वर आले की वॉटरप्रूफिंग केलेल्या खड्ड्यातही झिरपा सुरू होतो आणि वर उभ्या असलेल्या गाडीच्या पोटाला चार महिने दमट हवा लागत राहते. दुसरे कारण अधिक गंभीर आहे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते आणि ती खड्ड्यात साचून राहते. कार्ब्युरेटर किंवा इंधननळी गळत असताना खाली हँडलॅम्प घेऊन उतरणे जिवावर बेतू शकते.

जोते अंगणापासून निदान दीड फूट उंच घ्यावे. गाडी काही काळ ढकलूनच आत-बाहेर करावी लागणार असल्यामुळे समोरचा उतार बारा फुटांपेक्षा आखूड ठेवू नये. आत मुरूम धुमसून त्यावर दगडाचे सोलिंग (दगड रचून केलेला थर), त्यावर पातळ पीसीसी (बिनसळईचे साधे काँक्रीट), त्यावर २५० मायक्रॉनचा प्लास्टिकचा कागद आणि मग जाळी टाकून पाच इंचांचा एम-२५ प्रतीच्या काँक्रीटचा थर, असा क्रम असावा. कागदाचे जोड फूटभर एकमेकांवर चढवावेत आणि कडा भिंतीवर वर वळवून घ्याव्यात. गवंडी हा कागद अनावश्यक म्हणून टाळू पाहतात, त्या दिवशी आपण स्वतः जागेवर हजर असावे. खालून ओल येत असेल तर सर्वांत महागडे इपॉक्सीही फुगे येऊन सुटते. काँक्रीट पुरते वाळल्यावर दोन फुटांचा प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने जमिनीला लावून एक रात्र व पुढचा दिवस तसाच ठेवावा. खाली दव दिसले किंवा काँक्रीट काळवंडले, तर इपॉक्सीचा बेत पुढे ढकलावा.

नुसत्या पत्र्याला पावसाळी रात्री आतून घाम सुटतो आणि तो नेमका गाडीच्या टपावर ठिबकतो. पफ पॅनेल (दोन पत्र्यांमध्ये उष्णतारोधक फोम भरलेले) परवडत असेल तर उत्तम, नसेल तर मंगलोरी कौले आणि खाली फळ्यांचे छत हा जुना उपाय आजही चांगला आहे. दार नैऋत्येकडे किंवा पश्चिमेकडे मुळीच करू नये, कारण पावसाची झड तिकडूनच येते.

आणखी एक सांगायचे राहिले. ही गाडी सुमारे तेरा फूट लांब आणि पावणेपाच फूट रुंद आहे, त्यामुळे बारा बाय अठरा फुटांत ती सहज मावेल, पण दोन्ही दारे सताड उघडून सिलचे काम करण्यास आणि समोर कामाचे टेबल ठेवण्यास चौदा बाय बावीस फूट लागतीलच.

गोटीपाना

चिरेबंदी यांच्या बांधकामविषयक म्हणण्याशी मी सहमत आहे. लिफ्टबद्दल मात्र ठेकेदाराच्या सूचनेला माझा स्पष्ट विरोध आहे, आणि तो खर्चामुळे नाही. या फियाटला वेगळी चॅसिस (खालची लोखंडी चौकट) नसते. पत्र्याचा सांगाडाच सारे वजन पेलतो आणि त्या सांगाड्याची ताकद बऱ्याच अंशी सिलमध्ये असते. दोन खांबांच्या लिफ्टचे हात त्याच सिलच्या आसपास टेकतात. ज्या सिल आपण कापून बदलणार आहात त्यांच्यावरच ९०० किलोच्या आसपासची गाडी टांगणे योग्य नाही. सिल कापायच्या आधी दोन्ही बाजूंच्या दारांच्या चौकटीत आडव्या-तिरप्या लोखंडी नळ्या वेल्ड करून सांगाडा जखडावा, एका वेळी एकच बाजू कापावी आणि गाडी पुढच्या क्रॉसमेंबरच्या (आडव्या तुळईच्या) व मागच्या पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) मजबूत जागांखाली घोडे (गाडी टेकवण्याचे लोखंडी स्टँड) लावून सपाट पातळीवर ठेवावी. असे केले नाही तर नवीन सिल बसल्यावर दार बंदच होत नाही, आणि मग दोष दाराच्या बिजागरीला दिला जातो.

म्हणून तीन-तीन टनांचे चार चांगले घोडे, एक कमी उंचीचा ट्रॉली जॅक आणि खाली सरपटण्यासाठी चाकांची फळी एवढ्यावर आपले काम होईल. पुढे लिफ्ट हवीच असे वाटले, तर गाडीची सुमारे पाच फूट उंची आणि खाली उभे राहण्यासाठी सहा फूट, असा हिशेब धरून छत निदान अकरा-बारा फुटांवर असावे लागेल; तेवढी उंची आत्ताच घेऊन ठेवण्यास हरकत नाही. त्याच वेळी छताखाली आडवा गर्डर बसवून घ्यावा. त्यावर एक टनाची चेन कप्पी लावली की इंजिन आणि गिअरबॉक्स काढण्यासाठी माणसे गोळा करावी लागत नाहीत.

ब्रेकचे काम घरी करणार आहात म्हणून सांगतो. त्या काळच्या ब्रेक लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस (श्वासावाटे गेल्यास फुप्फुसांना घातक तंतू) असणार असे धरूनच चालावे. ड्रम उघडल्यावर आतली भुकटी कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू नये; ओल्या फडक्याने पुसून फडके पिशवीत बांधून टाकावे.

भिंतीवर भरपूर रॅक करावेत, कारण काढलेला कोणताही मूळ भाग फेकायचा नाही. पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी २०२१ मध्ये जे व्हिंटेज नोंदणीचे नियम आले, त्यांत गाडी मूळ रूपात असणे ही अट आहे आणि आपली गाडी वयाने त्यात बसते. प्रत्येक भागाला चिठ्ठी बांधून, फोटो काढून ठेवावा.

फेज_न्यूट्रल

मी विजेपुरते लिहितो. घरातल्या बोर्डावरून वायर ओढून गॅरेज चालवू नये. वेल्डिंग मशीन, कॉम्प्रेसर आणि दिवे यांचा भार मोजून महावितरणकडून मंजूर भार वाढवून घ्यावा, गॅरेजला स्वतंत्र वितरण बोर्ड व स्वतंत्र अर्थिंग द्यावे आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) बसवावाच. पावसाळ्यात ओल्या चपलांनी ग्राइंडर धरणाऱ्याचा जीव तोच वाचवतो. मोटर आणि वेल्डिंगसाठी सी प्रकारचे एमसीबी (जादा भाराला आपोआप पडणारे स्विच) घ्यावेत, अन्यथा सुरू करतानाच ते पडत राहतील. सॉकेट जमिनीपासून चार फूट उंच असावेत.

दिवे फक्त छताला लावले तर गाडीच्या बाजूंवर आपलीच सावली पडते. दोन्ही लांब भिंतींवर, गाडीच्या खिडकीच्या उंचीला, आडव्या एलईडी पट्ट्या लावाव्यात. पत्र्यातले पोचे तिरप्या प्रकाशातच दिसतात.

कॉम्प्रेसर बाहेर पडवीत ठेवावा. हवेची लाइन जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पाइपची करावी आणि तिला थोडा उतार देऊन शेवटी पाणी काढण्याचा नळ ठेवावा. पीव्हीसी पाइप स्वस्त पडतो म्हणून वापरू नये, कारण दाबाखाली फुटला तर त्याचे तुकडे उडतात. टाकीतले पाणी रोज काम संपल्यावर काढावे. कोकणात जुलै महिन्यात ते किती निघते हे पाहून आपल्यालाच नवल वाटेल.

पागोळी

कोणी विचारले नसले तरी हवेशीरपणाबद्दल लिहितो, कारण बहुतेक जण सल्ला देतात की मोठ्या खिडक्या ठेवा म्हणजे गंज चढणार नाही. उन्हाळ्यात आणि वेल्डिंगच्या वेळी हे खरे आहे. जुलैमध्ये मात्र बाहेरचीच हवा ओलीचिंब असते, ती आत घेतल्याने काहीही वाळत नाही, उलट थंड लोखंडावर दव धरते. लोखंडाला साधारण साठ टक्के आर्द्रतेच्या वर गंज वेगाने चढतो आणि आपला पावसाळा त्याच्या कितीतरी वर असतो.

म्हणून दोन सोयी वेगळ्या कराव्यात. कामाच्या जागेला समोरासमोर झडपांच्या खिडक्या असाव्यात व त्या बंद करता याव्यात. एक कोपरा, सहा बाय आठ फुटांचा, छत आणि दार असलेला कोरडा कप्पा करावा; त्यात लहान डिह्युमिडिफायर (हवेतली ओल शोषणारे यंत्र) चालवला तर तो खरोखर उपयोगी पडतो, उघड्या गॅरेजमध्ये तो नुसती वीज खातो. हत्यारे, इलेक्ट्रिकचे सुटे भाग आणि मशीनिंग करून आलेले इंजिनचे भाग तेल किंवा ग्रीस लावून तिथे राहतील. उघडा केलेला पत्रा त्याच दिवशी प्रायमरखाली गेला पाहिजे. गाडीवर प्लास्टिकची ताडपत्री घालू नये, सुती कापड घालावे.

डिलाइट_अडुसष्ट

सर्वांचे मनापासून आभार. खड्डा आणि लिफ्ट दोन्ही रद्द केले. जोते, कागद, कौले व गर्डर यांचा अंदाज नव्याने मागवला आहे. दार पूर्वेला घेता येते. एकच शंका उरली आहे: टाकी उतरवल्यावर त्यातले पेट्रोल आणि भाग धुण्याचे रॉकेल त्याच कोरड्या कप्प्यात ठेवले तर चालेल का?

फेज_न्यूट्रल

मुळीच नाही. डिह्युमिडिफायरमध्ये मोटर आणि स्विच असतात, त्यांच्या ठिणगीजवळ पेट्रोलची वाफ नको. १९३४ च्या पेट्रोलियम कायद्यानुसार विक्रीसाठी नसलेले पेट्रोल परवान्याशिवाय एकूण ३० लिटरपर्यंतच ठेवता येते आणि धातूचे भांडे २५ लिटरपेक्षा मोठे चालत नाही. घट्ट झाकणाचा धातूचा डबा घ्यावा, तो घरापासून व गॅरेजपासून दूर, सावलीतल्या जाळीच्या कपाटात ठेवावा आणि प्लास्टिकच्या कॅनचा मोह टाळावा. टाकी रिकामी झाली तरी आत वाफ उरतेच, त्यामुळे तिला वेल्डिंग घरी करू नका. गॅरेजच्या दाराशी, आतल्या कोपऱ्यात नव्हे, सहा किलोचे एबीसी पावडरचे अग्निशामक टांगा. त्याची पावडर धातूला खाते, म्हणून किरकोळ आगीसाठी शेजारी कार्बन डायऑक्साइडचेही एक असू द्या.