गावठी कुत्रीला घरचा चिकन-भात पुरतो का? ग्रॅममध्ये प्रमाण हवंय

चिकनभात_रोज
गावठी मादी, वय सव्वादोन वर्षं, वजन 18 किलो, नसबंदी झालेली. दोन्ही वेळचं फिरणं मिळून तासभर. सकाळी दूध-पोळी, रात्री चिकन घातलेला मऊ भात, चिमूट मीठ, हळद. शी एक दिवस बांधलेली, दोन दिवस पातळ. जंताचं औषध वेळेवर असतं, तरी अंगावर कोंडा आहे आणि केस निस्तेज. दुकानदार पोत्यातलं सुटं कोरडं खाद्य घ्या म्हणतो, शेजारचे म्हणतात धान्यच बंद करा. घरी शिजवणं सोडायचं नाहीये. कृपया "वाटीभर" असं सांगू नका, वजनकाटा आहे.

काटेकोर
काटा आहे म्हणता, मग अर्धं काम झालं. आधी कॅलरी. वजनाचा घन करा, त्याचं वर्गमूळ दोनदा काढा, 70 ने गुणा. 18 × 18 × 18 = 5832, पहिलं वर्गमूळ 76.4, दुसरं 8.74, गुणिले 70 म्हणजे 612. ही नुसती पडून राहायची गरज झाली. नसबंदी झालेल्या मोठ्या कुत्र्याला याच्या साधारण 1.6 पट, म्हणजे 970-980 कॅलरी दिवसाला. हा आकडा सुरुवातीचा. खरा निकाल बरगड्या देतात: हात हलकेच फिरवल्यावर मुठीच्या पाठीवरच्या हाडांसारख्या लागल्या तर जास्त बारीक, तळव्याच्या मांसल भागासारखं लागलं तर जाड. हात उपडा ठेवल्यावर बोटांच्या मागे जसं लागतं तसं हवं.

दिवसभराचं पातेलं (सगळी वजनं कच्ची):
बिनहाडाचं, कातडी काढलेलं चिकन 300 ग्रॅम
तांदूळ 100 ग्रॅम
कोंबडीची कलेजी 20 ग्रॅम
अंडं 1, उकडून
लाल भोपळा किंवा दुधी 100 ग्रॅम
सूर्यफुलाचं तेल 10 मिली, शिजल्यावर वरून

हे 920-940 कॅलरीच्या आसपास जातं. उरलेल्या 40-50 मध्ये तिचा खाऊ बसवा. चिकन वेगळं उकडून ते पाणी भातातच जिरवा, ओतून देऊ नका. कलेजी वाढवायचा मोह टाळा. "अ" जीवनसत्त्व शरीरात साठत जातं आणि शीही पातळ होते.

तुमच्या पातळ शीचा पहिला संशयित मात्र दूधच. मोठ्या कुत्र्यांत दुधातली साखर पचवणारं विकर कमी झालेलं असतं. दहा दिवस दूध पूर्ण बंद करून बघा. फरक नाही पडला तर शी तपासायला द्या.

हाडं_मोजतो
काटेकोर यांचं पातेलं ठीक आहे, पण एवढ्यावर थांबलात तर कुत्री वर्षभर छान दिसेल आणि आतून कमी पडत राहील. या पातेल्यात कॅल्शियम जवळपास नाहीच, 100 मिलिग्रॅमच्या आत. फॉस्फरस मात्र 800 च्या पुढे. गरज आहे 1.2 ग्रॅम कॅल्शियमची. आहारातून मिळालं नाही की शरीर ते हाडांतून काढतं. वाढत्या पिल्लांत हे लवकर दिसतं (पाय वाकतात, साध्या उडीत हाड मोडतं), मोठ्यांत उशिरा.

उपाय घरातलाच: अंड्याची टरफलं धुऊन पाच-सात मिनिटं उकळा, तव्यावर कोरडी करा, मिक्सरमधून पिठीसारखी बारीक काढा. चिमटीत खरखर लागली तर पुन्हा फिरवा. रोज 3 ग्रॅम, म्हणजे सपाट अर्ध्या चहाच्या चमच्याहून किंचित जास्त. एका टरफलात दोन दिवस जवळपास निघतात. शी पांढरट, भुसभुशीत आणि कडक व्हायला लागली तर प्रमाण जास्त होतंय.

आता कोंड्याचं. दिवसाला जस्त सुमारे 20 मिलिग्रॅम लागतं, या पातेल्यात 6-7 भरतं. आयोडीनचा तर घोळच आहे. गरज पाव मिलिग्रॅमची, आणि आयोडीनयुक्त मिठात ग्रॅमला 15 ते 30 मायक्रोग्रॅम. म्हणजे मिठातून भरून काढायचं तर रोज 8 ते 16 ग्रॅम मीठ घालावं लागेल, जे अर्थातच करायचं नाही. तुमची चिमूट कुठेच पुरत नाही. "ड" जीवनसत्त्वही उन्हात बसवून मिळत नाही, कुत्र्याची कातडी ते पुरेसं तयार करत नाही. म्हणून घरच्या जेवणासाठीच बनवलेली खनिज-जीवनसत्त्वांची पावडर लागते. लेबलवर जस्त, तांबं, आयोडीन, ड3 आणि ई ही पाचही नावं मात्रेसकट दिसली पाहिजेत. "केसांना चमक" वाल्या सिरपात बहुधा यातलं निम्मंही नसतं. पावडरीत आधीच कॅल्शियम असेल तर टरफलाची पूड तेवढी कमी करा. माणसांच्या गोळ्या नकोत. ड3 ची मात्रा कुत्र्याला घातक ठरू शकते, आणि चघळायच्या गोळ्यांत झायलिटॉल (साखरेऐवजी वापरला जाणारा गोड पदार्थ) असेल तर रक्तातली साखर तासाभरात कोसळते.

लेबलवाचक
पोत्यातलं सुटं घेऊ नका. पोतं उघडलं की वरची चरबी खवट व्हायला लागते, पावसाळ्यात बुरशी धरते, आणि तारीख-बॅच काही कळत नाही. घ्यायचंच तर बंद पिशवी, महिन्याभरात संपेल एवढीच, आणि डब्यात पिशवीसकट ठेवा. लेबलवर "संपूर्ण व संतुलित आहार" अशा अर्थाचं वाक्य आणि ते कोणत्या वयासाठी हे शोधा. "पूरक" लिहिलं असेल तर तो खाऊ समजा. किलोला 3600 कॅलरीचं खाद्य असेल तर तुमच्या कुत्रीला 270 ग्रॅम पुरतं. पिशवीवरच्या तक्त्यात नसबंदी बहुधा धरलेली नसते, त्यामुळे आकडा जास्त दिसेल.

प्रोटीनची तुलना करताना पाणी वजा करा. 80 टक्के पाण्याच्या पाउचमधलं 8 टक्के प्रोटीन म्हणजे कोरडं धरून 40. दहा टक्के पाण्याच्या कोरड्या खाद्यातलं 24 म्हणजे 27.

शेजारच्यांना सांगा, धान्य हा गुन्हेगार नाही. स्वीडनमधल्या संशोधकांनी 2013 साली दाखवलं की लांडग्यांपेक्षा कुत्र्यांत पिष्ट पचवणाऱ्या जनुकाच्या प्रती बऱ्याच जास्त असतात. उलट 2018 साली अमेरिकेच्या एफडीएने (अन्न-औषधांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने) धान्यविरहित, वाटाणा-मसूर भरलेल्या खाद्यांचा हृदयाच्या आजाराशी संबंध आहे का, हे तपासायला घेतलं. कारण अजून पक्कं ठरलेलं नाही, पण धान्य काढून काही कमावलं असंही नाही.

चिकनभात_रोज
दूध आजपासून बंद. दोन शंका. आई दुपारी पोळी देतेच, ते थांबणार नाही. आणि मटणाची उकडलेली नळी चालते का? रविवारचा रस्सा?

हाडं_मोजतो
शिजलेलं हाड कोणतंच नाही. शिजल्यावर ते ठिसूळ होऊन टोकदार तुकडे पडतात, आतड्यात अडकतात. रस्साही नाही: कांदा-लसूण शिजवून, वाळवून, पावडर करून, कशाही रूपात तांबड्या पेशी फोडतात, आणि थोडं थोडं रोज दिलं तरी साचत जातं. घरात आणखी एक लक्ष ठेवायची गोष्ट म्हणजे शिऱ्यातले बेदाणे. मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात आणि किती खाल्ल्यावर, हे प्रत्येक कुत्र्यागणिक वेगळं. खाल्लेच तर उलटीची वाट न बघता लगेच डॉक्टरांना फोन.

काटेकोर
आईंची पोळी राहू दे. 30 ग्रॅम कणकेची, तेल-तूप न लावलेली एक पोळी साधारण 100 कॅलरीची, तेवढ्यासाठी त्या दिवशी तांदूळ 28 ग्रॅमने कमी टाका. दोन झाल्या तर 56. चिकनला हात लावू नका. नवं पातेलं एकदम सुरू करू नका: पहिले दोन-तीन दिवस पाव हिस्सा नवं, मग निम्मं, मग पाऊण, आठ-दहा दिवसांत पूर्ण. पावडर सगळ्यात शेवटी, पाव मात्रेपासून. वास आवडला नाही तर पातेलंच नाकारतात. दर पंधरा दिवसांनी वजन घ्या, अर्ध्या किलोच्या वर फरक दिसला तर तांदूळ 10 ग्रॅमने वरखाली.